सूत्र खरे, आकडे खोटे : दाल मिलच्या साठा नियोजनात झालेली फसवणूक

वाशिम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यात आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची एक लहान दाल मिल आहे. सभासदांची तूर घ्यायची, तिची डाळ करून एक किलोच्या छापील पाउचमध्ये भरायची आणि कारंजा, मंगरूळपीर व वाशिम येथील किराणा दुकानदारांना द्यायची, असा हा व्यवहार असून त्याचा हिशेब आणि साठ्याच्या नोंदी मी ठेवतो. 2024 च्या अखेरीस शहरातून आलेल्या एका सल्लागाराने ‘उत्पादन नियोजन व साठा व्यवस्थापन’ या नावाचा अहवाल करून दिला आणि त्याच्या आधारे आमच्याकडून 3 लाख 28 हजारांच्या पाउचची खरेदी करवून घेतली. ही फसवणूक कोणत्याही खोट्या सूत्राने झालेली नाही. सूत्र खरे होते, पाठ्यपुस्तकातलेच होते, आणि म्हणूनच ती ओळखणे कठीण गेले. अनेक गावांत आता बचत गटांच्या आणि उत्पादक कंपन्यांच्या लहान प्रक्रिया उद्योगांकडे असे सल्लागार येत असल्यामुळे हा प्रकार आकड्यांसह मांडणे मला आवश्यक वाटते.

सल्लागाराची फी अगदी माफक होती. त्याने संचालकांच्या सभेत पडद्यावर किफायतशीर मागणीसंख्येचे सूत्र दाखवले. फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने 1913 मध्ये मांडलेले हे सूत्र आजही जगभर शिकवले जाते. वर्षभरात लागणारे नग, एक ऑर्डर देण्याचा खर्च आणि दोन यांचा गुणाकार करायचा, त्याला एक नग वर्षभर सांभाळण्याच्या खर्चाने भागायचे आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढायचे; तेवढे नग एका वेळी मागवले की ऑर्डरचा आणि साठवणुकीचा मिळून खर्च सर्वांत कमी होतो. आमच्यासाठी हे उत्तर 1,09,500 पाउच असे आले. दर नगाला 3 रुपये. पाउच कोणत्या छपाईवाल्याकडून घ्यावेत, हेही अहवालातच लिहिलेले होते.

सूत्रात जाणारे तीन आकडे एकेक करून पाहिले म्हणजे ही लबाडी उघड होते. पहिला आकडा वर्षाच्या मागणीचा. त्याने ढोबळमानाने 1,20,000 पाउच धरले, कारण मिल दररोज 5 क्विंटल तूर भरडू शकते, वर्षाचे 300 दिवस चालेल आणि डाळीचा उतारा (तुरीतून निघणारी डाळ) 82 टक्के पडेल, असे त्याने मानले. आमच्या नोंदवहीत उतारा 72 टक्क्यांच्या आसपास आहे. उरलेल्यात चुनी (डाळीचा चुरा), टरफल आणि घट येते. मिल 300 दिवस चालवायची तर 1,500 क्विंटल तूर हवी, आणि आम्ही घेतो सुमारे 835 क्विंटल. आमची खरी विक्री वर्षाला 60,000 पाउचची असून तिच्या पावत्या त्याला दाखवलेल्या होत्या. यंत्र जितके काढू शकते तितके गिऱ्हाईक आहे, असे गृहीत धरणे हा नियोजनातला अडाणीपणा असू शकतो. परंतु विक्रीच्या पावत्या समोर असताना तसे करणे याला मी अडाणीपणा म्हणणार नाही.

दुसरा आकडा एका ऑर्डरच्या खर्चाचा. यात जाणे-येणे, नमुना तपासणे, माल उतरवून घेणे, वाहतूक असे सगळे मिळून आम्हाला 1,500 रुपये लागतात. त्याने 6,000 धरले. ही वाढ त्याने सिलिंडरच्या खर्चाचा वाटा प्रत्येक ऑर्डरवर टाकून केली होती. पाउचवर रंगीत छपाई करण्यासाठी प्रत्येक रंगाचा एक कोरलेला सिलिंडर लागतो आणि तो महाग असतो, हे खरे आहे. पण तो एकदाच करायचा असतो. नक्षी बदलली नाही तर पुढच्या ऑर्डरींना तोच वापरतात. जो खर्च एकदाच होतो, तो दर ऑर्डरच्या खर्चात मोजताच येत नाही. शिवाय आमच्या पैशातून झालेले सिलिंडर आमच्या नावावर न ठेवता छपाईवाल्याने स्वतःचे म्हणून ठेवून घेतले, त्यामुळे दुसरीकडे जायचे तर ते पुन्हा करावे लागणार.

तिसरा आकडा साठा सांभाळण्याचा, आणि माझ्या मते सर्वांत मोठी चलाखी याच ठिकाणी होती. त्याने पाउचच्या किमतीच्या 4 टक्के धरले, म्हणजे नगाला वर्षाला 12 पैसे. हा दर बँकेच्या बचत खात्यावरील व्याजाच्या हिशेबाने लावला होता. आमचे खेळते भांडवल मात्र 12 टक्के व्याजाच्या कर्जातून येते. त्यात गोदामाची जागा, उंदीर आणि ओल, पत्र्याच्या शेडमध्ये वैशाखातल्या उन्हाने पाउच एकमेकांना चिकटणे, छापलेला मजकूर जुना होणे हे सगळे धरले तर 20 टक्के, म्हणजे नगाला 60 पैसे, हा आकडाही जास्त होत नाही.

खरे आकडे घालून तेच सूत्र सोडवले तर उत्तर सुमारे 17,300 येते. या सूत्रात वर्गमूळ असल्यामुळे एखादा आकडा थोडा चुकला तरी उत्तर फारसे बिघडत नाही, ही त्याची खरी खुबी आहे. आमच्या बाबतीत मागणी दुप्पट, ऑर्डरचा खर्च चौपट आणि साठवणुकीचा खर्च एक पंचमांश, असे तिन्ही आकडे एकाच दिशेला ओढले होते आणि त्यामुळे उत्तर सहापटीहून मोठे झाले. नजरचुकीने झालेल्या चुका कधी इकडे तर कधी तिकडे जातात. तिन्ही चुका पाउच विकणाऱ्याच्याच फायद्याच्या कशा निघाल्या, या प्रश्नाचे उत्तर सल्लागाराने आजवर दिलेले नाही. योग्य संख्येने मागवले असते तर ऑर्डर आणि साठवणूक मिळून वर्षाला सुमारे 10,400 रुपये लागले असते. एकदम मागवल्यामुळे तोच खर्च 33,700 होतो. मोठ्या ऑर्डरला सवलत मिळाली, असे तो सांगतो. लहान ऑर्डरचा दर आम्ही नंतर अकोल्याच्या एका छपाईवाल्याकडे विचारला, तो 3 रुपये 20 पैसे निघाला. म्हणजे 60,000 पाउचवर 12,000 रुपये वाचले आणि त्यासाठी 23,000 हून अधिक गेले. त्याच छपाईवाल्याने माल बारा दिवसांत देण्याची तयारी दाखवली, तर अहवालात पुरवठ्याला 45 दिवस लागतात असे लिहून फेरमागणीची पातळी (साठा किती उरला की पुन्हा मागवायचे तो आकडा) आणि सुरक्षित साठा (अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा माल) दोन्ही फुगवलेले होते.

पैशाचा खरा फटका जानेवारीत बसला. आमच्या धंद्यात वर्षाला 63 लाखांची तूर लागते आणि 1 लाख 80 हजारांचे पाउच. वर्षाच्या खर्चातल्या वाट्यावरून साठ्याचे अ (सर्वांत मोठा), ब, क (सर्वांत लहान) असे वर्ग पाडण्याची जी पद्धत आहे, तिच्याप्रमाणे तूर ही ‘अ’ वर्गात आणि पाउच ‘क’ वर्गात येतात. लक्ष आणि भांडवल आधी तुरीकडे जायला हवे. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 7,550 रुपये होता. पाउचमध्ये अडकलेल्या रकमेत 43 क्विंटल तूर आली असती. तेवढी तूर रोखीने घेण्यास आमच्याकडे पैसे उरले नाहीत आणि ज्या सभासदांना लग्नासाठी किंवा कर्जाच्या हप्त्यासाठी तातडीने रक्कम हवी होती, त्यांना आपला माल अडत्याकडे न्यावा लागला. ज्यांच्यासाठी ही कंपनी काढली त्यांनाच परत पाठवावे लागले, याचे मला अतिशय वाईट वाटते.

पुढे 2025 मध्ये तुरीचे भाव उतरले. सल्लागाराच्या आग्रहामुळे कमाल किरकोळ किंमत पाउचवर आधीच छापून घेतलेली होती. आवेष्टित (पाकीटबंद) वस्तूंच्या 2011 च्या नियमांप्रमाणे किंमत कमी करणारी पट्टी लावता येते, परंतु मूळ छापील किंमत तिच्याखाली झाकता येत नाही. दुकानात दोन किमतींचे पाकीट शेजारच्या स्वच्छ पाकिटापुढे टिकत नाही. दुकानदारही आता अर्ध्या किलोचे पाकीट मागू लागले आहेत, आणि गोदामात एक किलोच्याच पाउचचे गठ्ठे पडून आहेत.

हा प्रकार उघड झाला तो शेजारच्या तालुक्यातील एका महिला गटामुळे. त्यांची हळद पावडरची मिल आहे. त्यांच्या आणि आमच्या अहवालातील ऑर्डरचा खर्च, साठवणुकीचा दर आणि पुरवठ्याचे दिवस अगदी तेच निघाले. आमच्या अहवालाच्या तिसऱ्या तक्त्यात तर एका ठिकाणी ‘हळद पावडर’ हे शब्द तसेच राहिलेले होते. पाउचचा पुरवठादारही दोघांचा एकच. विचारणा केल्यावर सल्लागाराने सांगितले की सर्व आकडे संस्थेने दिलेले असून त्याखाली संचालकांच्या सह्या आहेत. त्या सह्या सभेच्या हजेरीपत्रकावरच्या होत्या. ते पान त्याने नंतर आकड्यांच्या परिशिष्टाला जोडले होते. मूळ हजेरीची छायाप्रत आमच्या इतिवृत्ताच्या वहीत असल्यामुळे हे दाखवता आले.

दोन्ही संस्थांनी मिळून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली आहे आणि वकिलांमार्फत नोटीसही पाठवली आहे. ग्राहक आयोगाकडे जाण्यात अडचण अशी की, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने केलेली खरेदी सामान्यतः बसत नाही. दरम्यान आमच्या संचालक मंडळाने ठराव केला आहे की, सल्लागाराने सुचवलेल्या पुरवठादाराशी त्याचा आर्थिक संबंध नाही असे लेखी घेतल्याशिवाय, आणि नियोजनातला प्रत्येक आकडा आमच्या कोणत्या नोंदीतून आला हे त्या आकड्यापुढे लिहिल्याशिवाय, एकही ऑर्डर द्यायची नाही.

आपल्या संस्थेकडे असा अहवाल आला असेल, तर ऑर्डरचा खर्च 6,000 रुपये, साठवणुकीचा दर 4 टक्के आणि पुरवठ्याचे 45 दिवस हे तीन आकडे त्यात आहेत का ते कृपया पाहावे. असल्यास अहवालाची आणि पाउचच्या बिलाची प्रत जपून ठेवावी आणि आपल्या हद्दीतील पोलीस ठाण्यात द्यावी, कारण तक्रारदार संस्था जितक्या अधिक असतील तितके हे आकडे योगायोगाने आले असे म्हणणे त्याला अवघड जाईल.