१५×७० बायनॉक्युलरसाठी घरी बनवलेला पॅरललोग्राम माउंट: दिवाळीपासून मेपर्यंतचा अनुभव

१५×७० दुर्बीण (पुढची भिंगं ७० मिलिमीटरची) हातात धरून आकाश बघता येतं असं सांगणाऱ्यांचे हात कसले असतात कुणास ठाऊक. दुर्बीण दीड किलोच्या आसपास आणि पंधरापट वर्धन, म्हणजे हाताची थरथरही पंधरापट. फोटोच्या साध्या ट्रायपॉडवर ती क्षितिजाजवळ ठीक चालते. पण नाशिक वीस अंश अक्षांशावर, त्यामुळे हिवाळ्यात कृत्तिका जवळजवळ डोक्यावरून जातात. तिथे बघायला ट्रायपॉडच्या पायांमध्ये गुडघे टेकून मान मोडावी लागते. म्हणून हा खटाटोप: समांतरभुज चौकोनासारखा सांधलेल्या पट्ट्यांचा एक लांब हात, पुढच्या टोकाला दुर्बीण, मागच्या टोकाला तोलाचं वजन.

चार सागवानी पट्ट्या, प्रत्येकी एक मीटर वीस, सुताराकडच्या उरलेल्या मालातून. बिजागरीच्या जागी आठ एमएमचे बोल्ट, नायलॉक नट (आपोआप सैल न होणारे) आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये नायलॉनचे वॉशर. बेअरिंग मुद्दाम टाळले. बेअरिंगवर माउंटचा हात इतका हलका फिरतो की वाऱ्याच्या झुळकीनेही सरकतो; इथे थोडं घर्षण हवंच. ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप हलका पडतो खरा, पण धक्का लागला की बराच वेळ थरथरतो. लाकूड लवकर शांत होतं.

वजनाचं गणित: दुर्बीण आणि ब्रॅकेट मिळून १.८ किलो, टेकूपासून ८० सेंटीमीटरवर. मागे ४० सेंटीमीटरवर ३.६ किलो लागायला हवं. प्रत्यक्षात पाचच्या जवळ लागतं, कारण पट्ट्यांचा लांब भागही पुढे झुकतो. जिमच्या अडीच किलोच्या दोन प्लेटा पुरल्या. एक पक्की, एक मागेपुढे सरकणारी. एवढा भार फोटोच्या स्वस्त ट्रायपॉडवर टाकू नका. मी डंपी लेव्हलचा, म्हणजे सर्वेक्षणातल्या उंची मोजायच्या दुर्बिणीचा, जुना ट्रायपॉड घेतला. त्याचा स्क्रू पाच अष्टमांश इंची, इंचाला अकरा आट्यांचा असतो. सगळा खर्च तीन हजारांच्या आत, त्यात मोठा वाटा या ट्रायपॉडचाच.

दुर्बिणीच्या पुढच्या बिजागरीत पाव इंची, वीस आट्यांचाच बोल्ट जातो. दुकानदार सहा एमएमचा पुढे करेल, तो जबरदस्तीने पिळलात तर आटे गेले. आणि दुर्बीण माउंटला जोडणारा एल ब्रॅकेट प्लॅस्टिकचा नको, लोखंडी पट्टीचा वाकवून घ्या.

खरी मजा उंचीची. माउंटचा हात वरखाली केला तरी दुर्बिणीची दिशा बदलत नाही. मी उभ्याने मृगातला तेजोमेघ धरायचा, भाचीने हात खाली ओढून बघायचा, मग आईने खुर्चीत बसून. "सापडत नाही रे" हे वाक्य आमच्या गच्चीवरून हद्दपार झालं. दृष्टिक्षेत्र साडेचार अंशांच्या आतबाहेर, कृत्तिका पूर्ण मावतात. डोक्यावरचं बघायला मात्र मागे कलणारी आरामखुर्ची लागतेच, माउंटने मानेचा प्रश्न अर्धाच सुटतो.

गंगापूर रोडच्या गच्चीवर दिव्यांमुळे देवयानी दीर्घिकेचा नुसता गाभा दिसतो. सामान घेऊन शहराबाहेर अंजनेरीच्या बाजूला गेलो तेव्हा तिचा लांबट आकार उलगडला. एप्रिल-मे मध्ये दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा हा तारकागुच्छ जेमतेम बावीस अंश वर येतो. हात खाली करून खुर्चीत बसून तो निवांत बघता येतो, आणि या दुर्बिणीतून तो धुरकट गोळ्यासारखा दिसतो, ठळक. उत्तर भारतातल्या मंडळींना तो इतका वर मिळत नाही, एवढा भाव खायला हरकत नाही.

झीज झाली ती लाकडाच्या भोकांची. फेब्रुवारीपर्यंत ती लांबट होऊन हाताला खेळ आला. लेथवाल्याकडून भोकांत पितळी बुश (छोट्या नळ्या) बसवून घेतले, तेव्हापासून शांतता. नवीन बनवणाऱ्याने पहिल्याच दिवशी बसवावेत. दुर्बीण काढताना आधी हात पट्ट्याने ट्रायपॉडच्या पायाला बांधा. नाहीतर मागच्या प्लेटा खाली आपटतात आणि मोकळं टोक थेट हनुवटीकडे येतं.

१०×५० असेल तर हे सगळं नको. आरामखुर्चीच्या हातांवर कोपरं टेकली की काम भागतं.