तारवात मावावी म्हणून उत्क्रांती पळवली : केंटकीच्या ‘आर्क एन्काउंटर’ला एक भेट

लेकीकडे ओहायोत मेसनला आले की मला कुठेकुठे फिरवायचं याची यादी जावयांनी आधीच केलेली असते. या वेळची पहिली सहल त्या यादीतली नव्हती. शेजारीणबाईंनी तो आग्रह धरला. बाई सत्तरी ओलांडलेल्या, दर रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या. आमच्या नातीला, ईराला, सायकल त्यांनीच शिकवली. "तुम्ही जीवशास्त्र शिकवायचात ना, मग नोहाचं तारू बघितल्याशिवाय परत जायचं नाही," म्हणाल्या. बायबलमधली ती गोष्ट : जलप्रलयातून वाचायला नोहाने बांधलेलं प्रचंड तारू, म्हणजे लाकडी जहाज, आणि त्यात त्याचं कुटुंब आणि जनावरांच्या जोड्या. त्याच तारवाची पूर्ण आकाराची प्रतिकृती म्हणजे ‘आर्क एन्काउंटर’. मी कराडला एकतीस वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं. डार्विनचा धडा नेमका शेवटी यायचा आणि दरवर्षी मी तो घाईघाईत उरकायची. ते मनाला थोडं लागून राहिलेलं आहेच. म्हटलं, चला.

मेसनहून सव्वा तासाचा रस्ता. सिनसिनाटी ओलांडून केंटकीत शिरायचं आणि विल्यम्सटाउनला उतरायचं. तिकीट वेगळं, पार्किंग वेगळं. डॉलरला रुपयांनी गुणायचं नाही असा लेकीचा दंडक आहे. मी मनातल्या मनात गुणलं आणि गप्प बसले. गाडी लावली की बसने तारवापर्यंत नेतात. बस एक वळण घेते आणि समोर ते दिसतं.

खरं सांगते, मी ‘अगंबाई’ म्हणाले. ५१० फूट लांब, ८५ फूट रुंद, ५१ फूट उंच, आणि बघावं तिकडे लाकूड. हे माप कुठून आलं तर बायबलमधून. मराठी बायबलात ते सरळ हातांत दिलंय : तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. आता हात कुणाचा धरायचा? यांनी २०.४ इंचांचा धरलाय. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माझा हात सतरा इंच भरतो, म्हणजे माझ्या हाताने बांधलं असतं तर ऐंशी-पंच्याऐंशी फूट तोटा झाला असता.

७ जुलै २०१६ ला हे खुलं झालं, खर्च सुमारे दहा कोटी डॉलर. बांधणारी संस्था ‘आन्सर्स इन जेनेसिस’, तिचे संस्थापक केन हॅम हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे. याच संस्थेचं ‘क्रिएशन म्युझियम’ इथून फार लांब नाही, ते २००७ चं. दोन्हीकडे सांगणं एकच : पृथ्वी सुमारे सहा हजार वर्षांची, देवाने ती सहा दिवसांत घडवली, आणि साधारण ४,३०० वर्षांपूर्वी सगळ्या जगावर जलप्रलय आला.

सुतारकामाला पैकीच्या पैकी मार्क. कामावर आमिश, म्हणजे जुन्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे, सुतारही होते असं कळलं, आणि ते दिसतं. तुळयांचे जोड बघत मी इतका वेळ उभी राहिले की जावई म्हणाले, "आई, प्राणी वर आहेत." तीन मजले आहेत आणि चढायला उतरणीची वाट आहे, त्यामुळे गुडघेवाल्यांनी घाबरायचं कारण नाही. लिफ्टही आहे. पहिल्या मजल्यावर अंधार, वादळाचा आवाज, जनावरांचे आवाज, लाकडी पिंजऱ्यांच्या रांगा आणि धान्यापाण्याचे रांजण. ईराने माझा हात घट्ट धरला होता. पुढे एका पिंजऱ्यात तिला डायनासोरची जोडी दिसली.

"आज्जी, डायनासोर नोहाबरोबर होते?"

"हे लोक म्हणतात, होते."

"आणि तू?"

"मी घरी गेल्यावर सांगते." शेजारीणबाई दोन पावलांवर होत्या. मराठी त्यांना कळत नाही, पण माझा चेहरा कळत असावा.

एक दालन जनावरांची निगा कशी राखली असेल यावर आहे : वैरण, पाणी, उजेड, वारा, शेण-मूत्र बाहेर कसं काढलं असेल. तारवावर सात हजारांच्या आत जनावरं आणि माणसं आठ, असा इथला हिशेब. म्हणजे माणशी साडेआठशेच्या आसपास. माहेरी दोन म्हशींचा गोठा पहाटे उठून काढलेली बाई मी. तो आराखडा मी फार बारकाईने वाचला आणि काही बोलले नाही. शेजारीणबाईंनी विचारलं, तुमच्याकडे प्रलयाची गोष्ट आहे का? मी मनूची सांगितली : ओंजळीत आलेला मासा, तो वाढत गेला, त्याच्या शिंगाला नाव बांधली, महाभारतातल्या गोष्टीत नावेत सप्तर्षी आणि बियाणं. त्यांचा चेहरा उजळला. "बघा, सगळ्यांनाच आठवतंय!" म्हणाल्या. मला एवढंच सुचलं की आमच्या गोष्टीत गोठा कुणाला काढावा लागला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले, ती.

मला वाटलं होतं, इथे ‘प्राणी बदलत नाहीत, देवाने केले तसेच आहेत’ असं लिहिलेलं असेल. तसं नाही. जगातल्या सगळ्या प्रजाती या तारवात मावणार नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे. म्हणून ते म्हणतात, नोहाने प्रजाती नेल्याच नाहीत, ‘जाती’ नेल्या. कुत्र्यांची एक जात : लांडगा, कोल्हा, आपला मोत्या सगळे तिच्यातून पुढे झाले. मांजरांची एक जात : वाघ, सिंह, चित्ता आणि लेकीच्या सोफ्यावर झोपणारी बया, सगळे एका मूळ जोडीचे वंशज. अशा साधारण १,४०० जाती. जिराफाच्या जागी आखूड मानेचा एक प्राणी उभा केलाय, लांब मान नंतर आली म्हणून! त्या मूर्तीपुढे मी हसले. वर्गात लांब मानेचा जिराफ फळ्यावर काढून मी लामार्क आणि डार्विन शिकवायची. हा जिराफ इथे भेटेल असं वाटलं नव्हतं.

म्हणजे बदल यांना मान्य आहे, एका पूर्वजापासून अनेक प्रजाती होणं मान्य आहे. फक्त वेळ मान्य नाही. बरं, मग हिशेब करू. मांजरांच्या कुळात आज साधारण चाळीस प्रजाती आहेत. ४,३०० वर्षांत एका जोडीपासून चाळीस, म्हणजे दर शंभर वर्षांत सरासरी एक नवी. शिवाजी महाराजांच्या काळापासून आजपर्यंत तीन-चार तरी नव्या मांजरी व्हायला हव्या होत्या, आणि कुणाच्या तरी बखरीत ‘या साली वेगळाच वाघ दिसला’ अशी नोंद हवी होती. डार्विनला इतकी घाई कधीच नव्हती. तो बिचारा कोट्यवधी वर्षं मागत होता. उत्क्रांती खोटी म्हणणाऱ्यांनी तिला तारवात मावावी म्हणून इतकं पळवलंय की मी दहावीच्या वर्गात शेवटच्या आठवड्यातसुद्धा पळवली नसेल.

हे डोकं माझं एकटीचं नाही. ४ फेब्रुवारी २०१४ ला क्रिएशन म्युझियममध्येच केन हॅम आणि विज्ञानप्रसारक बिल नाय यांचा जाहीर वादविवाद झाला, त्यात नाय यांनी असाच हिशेब मांडला होता : रोज अकरा नव्या प्रजाती दिसायला हव्यात. पण त्यांनी सगळ्याच जीवांचा आकडा धरला होता, आणि तारवावाल्यांच्या मते कीटकांना आत न्यायची गरजच नव्हती. म्हणून मी मांजरांवर भागवलं. भांडणातसुद्धा समोरच्याचे मार्क कापताना कारण लिहावं लागतं.

मांजरांवरून आठवलं. नेपोलियनच्या इजिप्तच्या मोहिमेतून मांजरांच्या, शराटी पक्ष्यांच्या ममी पॅरिसला आल्या होत्या. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी त्या तपासल्या तर दोन-तीन हजार वर्षांपूर्वीचे ते प्राणी हुबेहूब आजच्यासारखे. त्यांनी तो पुरावा उत्क्रांतीच्या विरुद्ध वापरला. डार्विनवाले म्हणू शकतात, एवढ्याशा काळात काय बदलणार? तारवावाल्यांना ते म्हणता येत नाही. त्यांच्या हातात तेवढाच काळ आहे. शिवाय ४,३०० वर्षांपूर्वी सिंधूकाठची शहरं ऐन भरात होती, आणि प्रलयात बुडाली म्हणून तिथलं काम कुठे थांबलेलं नाही. याचा खुलासा करणारी पाटी तिसऱ्या मजल्यावर मला दिसली नाही.

तिसऱ्या मजल्यावर नोहाच्या कुटुंबाच्या खोल्या आहेत, देखण्या. ‘इथे कल्पनेचा आधार घेतलाय’ असं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय. सुनांची नावं, त्यांचे स्वभाव, हातातली कामं, सगळं रचलेलं. मला आवडलं ते. केन हॅम मुलांना एक प्रश्न शिकवतात : कुणी लाखो वर्षांच्या गोष्टी सांगू लागलं की विचारा, "तुम्ही तिथे होता का?" शेजारीणबाईंनी तो ईराला सांगितला. ईरा म्हणाली, "मग नोहाच्या वेळी कोण होतं?" बाई शांतपणे म्हणाल्या, "देव होता." नऊ वर्षांची पोर आणि सत्तरीची बाई, दोघींचं तिथे मिटलं. मी मध्ये पडले नाही.

गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत ३७ टक्के अमेरिकनांनी माणूस देवाने आजच्या रूपातच घडवला असं सांगितलं, ३४ टक्क्यांनी उत्क्रांती झाली पण देवाच्या हाताने, आणि २४ टक्क्यांनी देवाशिवाय. हसायला मला तोंड नाही. जानेवारी २०१८ मध्ये आपल्या औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की डार्विन चुकीचा, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही. हे गृहस्थ रसायनशास्त्र शिकलेले आणि मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेले. म्हणजे कुणी न पाहिलेल्या गुन्ह्याचा तपास करून घेणं हेच त्यांच्या खात्याचं काम! पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातल्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातून उत्क्रांती गळाली, आणि अठराशेवर वैज्ञानिक-शिक्षकांनी जाहीर पत्र काढलं. इकडे निदान तिकीट काढून यावं लागतं.

दुपारी पार्किंगमध्येच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. शेजारीणबाईंनी तीन दशम्या खाल्ल्या. तारवामागे छोटं प्राणिसंग्रहालय आहे, उंट, बकऱ्या वगैरे. मुलांना बरं.

परतताना जावयांनी गाडी बिग बोन लिक या केंटकीतल्याच उद्यानाकडे घेतली, आणि तुम्ही तारू बघायला जाल तर हे चुकवू नका. आत जायला तिकीट नाही. खारट पाण्याचे झरे, गंधकाचा वास, आणि चिखल. मीठ चाटायला हिमयुगातली अजस्र जनावरं इथे यायची, रुतायची, मरायची. १७३९ मध्ये लाँग्यी नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या तुकडीने इथली हाडं उचलली, ती पॅरिसला गेली आणि क्युव्हिएंच्या टेबलावर पोचली. हो, तेच ममीवाले. ‘ओहायोचं जनावर’ म्हणून ओळखलं जाणारं ते हत्तीसारखं प्रकरण त्यांनी मॅस्टोडॉन म्हणून नावारूपाला आणलं आणि ठामपणे सांगितलं : हे प्राणी पृथ्वीवरून कायमचे नाहीसे झालेत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनना ते पटत नव्हतं. निसर्गातली साखळीची कडी अशी तुटत नाही, हे हत्ती पश्चिमेला कुठेतरी चरत असतील, असं त्यांना वाटायचं. १८०७ मध्ये त्यांनी विल्यम क्लार्क या शोधप्रवाशाला इथे हाडं काढायला पाठवलं आणि ती व्हाइट हाउसमध्ये मांडली. राष्ट्राध्यक्षांनाही हाडांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, ही गोष्ट मी एकतीस वर्षांत वर्गात सांगितली नाही कारण मलाच माहीत नव्हती.

चिखलात रुतलेल्या मॅमथचा एक पुतळा तिथे उघड्यावर आहे. त्याच्याजवळ शेजारीणबाई बराच वेळ थांबल्या. "बिचारं," एवढंच म्हणाल्या.

तारवाला स्टार किती? बांधकामाला पाच, सोयींना साडेचार, विज्ञानाला एक, आणि तो एक त्या आखूड मानेच्या जिराफाला. कुणी न्यावं म्हणालं तर जा, पण लेकरांना बरोबर घेऊन आणि प्रश्न विचारू देऊन जा. तीन तास लागतात, पायात चांगले बूट घाला.

लेकीच्या अंगणातल्या दगडांत शिंपल्यांचे जीवाश्म आहेत. सिनसिनाटीच्या आसपास तो थर वर आलाय, साधारण ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा. काळ्या कातळाच्या मुलखात वाढलेल्या मला आयुष्यात पहिला जीवाश्म असा तुळशीच्या कुंडीशेजारी सापडला. शेजारीणबाईंना दाखवला, तर त्या म्हणाल्या, "प्रलयातलाच तो." ईरा म्हणाली, "नाही, खूप आधीचा." आता येत्या शनिवारी आम्ही सगळे सीझर क्रीकला जातोय. तिथे धरणाच्या सांडव्यात जीवाश्म वेचायला देतात. परवाना फुकट मिळतो. हातोडी न्यायची नाही आणि तळहातापेक्षा मोठा दगड आणायचा नाही, एवढेच नियम. शेजारीणबाई लिंबाचं सरबत आणणार आहेत, दशम्या माझ्याकडे.