घाटवाटांसाठी टोपोशीट की फोनवरचा मॅप?

हरिश्चंद्रगड, रतनगड, आजोबा या पट्ट्यात आडवाटेने फिरायचं म्हटलं की हा प्रश्न येतोच, मी दोन्ही भरपूर वापरलंय म्हणून लिहितोय. टोपोशीट म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा, जमिनीचे चढउतार दाखवणारा कागदी नकाशा. पाचनई गावाहून मळलेल्या वाटेने हरिश्चंद्रगडावर जाणार असाल तर कुठलंच नसलं तरी अडत नाही.

फोनचा खरा फायदा धुक्यात. पठारावर दहा फुटांपलीकडचं दिसत नसतं तेव्हा आपण नेमके कुठे आहोत हे कागद सांगत नाही, निळा ठिपका सांगतो, मान्यच आहे. नाळेत, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद घळीत शिरलं की दोन्ही बाजूच्या कातळामुळे तो ठिपका उड्या मारायला लागतो, पण तेवढं सांभाळून घेता येतं.

मला खटकलं ते झूम. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या बेलपाड्यातून वर बघितलं की कड्यांची अखंड भिंत दिसते आणि आपण शोधत असतो ती कुठे मोडलीय, कुठली सोंड (डोंगराची उतरती धार) पदरापर्यंत (कड्याखालच्या सपाट टप्प्यापर्यंत) चढते, कुठून नाळ वर घुसते. त्यासाठी एकमेकांना चिकटलेले कंटूर (समान उंची दाखवणाऱ्या रेषा) कुठे सुटे होतात ते बघायचं, तेही कड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका नजरेत. फोनवर कंटूर वाचता येतील एवढं मोठं केलं की शेजारची सोंड स्क्रीनबाहेर, सोंड दिसावी म्हणून लहान केलं की कंटूर गायब. मग वैतागून माणूस कुणाचातरी रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावतो आणि मान खाली घालून चालतो, डोंगर वाचायचा राहूनच जातो. कागद मांडीवर पसरला की पाच मिनिटांत दोन-तीन शक्यता दिसतात, निदान मला तरी.

टोपोशीट परिपूर्ण आहे असं नाही. १:५०,००० च्या शीटवर दोन कंटूरमध्ये उंचीचं अंतर २० मीटर, म्हणजे रोप लागेल असा १०-१५ मीटरचा कातळटप्पा त्यात दिसेलच असं नाही. पण बऱ्याच ॲप्समधले कंटूर स्पेस शटलच्या २००० सालच्या रडार मोजणीवरून काढलेले, त्यात कडे अजूनच गुळगुळीत होतात. शीटवरचे रस्ते, वाड्या जुन्या असू शकतात, सर्वेक्षणाचं साल बघा आणि गावात विचारा.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या साइटवर रजिस्टर केलं की ओपन सिरीजची, म्हणजे सर्वांसाठी खुल्या असलेल्या शीट्सची पीडीएफ मिळते. हवा तेवढा भाग ए-थ्रीवर काढा, पण 'फिट टू पेज' बंद ठेवा, नाहीतर २ सेंमी म्हणजे १ किमी हा हिशोब बिघडतो. फोन मीही नेतो, एअरप्लेन मोडवर, बॅगेत.