माझा क्रँक दिला, कुणाचा तरी परत आला

बाबांनी 1991 साली घेतलेली यामाहा आरएक्स 100 मोटारसायकल माझ्या हातात आली तेव्हा तिचं पुढचं मडगार्ड आधीच तुटलेलं होतं. मी मागचंही काढलं, खाचांचे टायर टाकले आणि हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या पांदणींवर तिची डर्ट बाईक करून टाकली. आवाज मोकळा यावा म्हणून एअर फिल्टर काढला. तो मूर्खपणा माझा, त्याचं खापर कुणावर फोडत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत पांदणीत काळ्या मातीचा फुफाटा कसा उडतो हे इकडच्या माणसाला सांगायला नको. क्रँक म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरती करणारा इंजिनातला दांडा. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकमध्ये कार्बोरेटरची हवा आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या कप्प्यात शिरते, मग वर सिलिंडरमध्ये. त्यामुळे ती धूळ पहिल्यांदा क्रँकच्या बेअरिंगांनीच खाल्ली. संक्रांतीच्या सुमारास इंजिनात खालून खडखड सुरू झाली.

तालुक्याच्या एका मिस्त्रीनं इंजिन खोललं. पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड बाजूला किंचित सरकतो ते चालतं, पण वर-खाली अजिबात हलता कामा नये. माझा हलत होता, टकटक बोटांना लागत होती. इथपर्यंत माणूस खरं बोलला. मग त्यानं क्रँक डिझेलनं धुतला, उजेडात धरला आणि बराच वेळ पाहत राहिला.

"जपान माल हाये भाऊ. काहून इतका घासला? ठेवून जा. पिन घासून ओव्हरसाइज बेअरिंग टाकून देतो. साडेआठ हजार."

तिथूनच क्रँक उचलून घरी यायला पाहिजे होतं. घासायचं काम ट्रॅक्टरच्या, जीपच्या अखंड क्रँकचं. तिथे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, घासून त्या मापाची जाड बेअरिंग बसवतात. आरएक्सचा क्रँक अखंड नसतो. दोन चाकं, मध्ये पिन, पिनेवर सुयांचं बेअरिंग आणि रॉड, आणि हे सगळं प्रेसनं दाबून बसवलेलं. पिनेच्या पृष्ठभागाला कडकपणा दिलेला असतो, त्यावरच त्या सुया धावतात. म्हणून ती घासत नाहीत. पिन, बेअरिंग आणि रॉड असं किटच नवीन टाकतात. हे मला आज कळतं. तेव्हा मी मान डोलावली.

"सोमवारी या"चे तीन आठवडे झाले. कधी नागपूरहून सामान आलं नाही, कधी प्रेसवाला लग्नाला गेलेला. शेवटी क्रँक मिळाला तो चकाचक, तेल लावून पेपरात गुंडाळलेला. जुना रॉड मागितला तर म्हणे भंगारवाल्यानं नेला. पावती म्हणून वहीच्या कागदाची चिठ्ठी: "क्रँक काम 8500". ना दुकानाचं नाव, ना सही.

दोनशे किलोमीटर गाडी लोण्यासारखी चालली. मग एक दिवस जाम चौरस्त्याकडे जाताना फूटरेस्ट असे थरथरायला लागले की पाय झिणझिणले. थांबलो तर रेस खाली येईना. मॅग्नेट म्हणजे क्रँकच्या टोकावर बसणारं, ठिणगीसाठी वीज करणारं चाक. त्या बाजूचं रबरी ऑइल सील फाटून इंजिन तिथून फुकटची हवा ओढत होतं.

या वेळी वर्ध्याला एका म्हाताऱ्या लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी क्रँक दोन सेंटरमध्ये धरून डोल मोजायचा डायल गेज लावला आणि हातानं हळू फिरवला. असल्या क्रँकला तीन-चार शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त डोल नको. इथे काटा 0.18 पर्यंत जाऊन येत होता. मग त्यांनी पिनेच्या टोकावरून कानस फिरवली. चकाकीखालून वेल्डिंग निघालं. "वेल्ड मारणं गुन्हा नाही बाप्पा," काका म्हणाले, "शर्यतीवाले क्रँक सरळ करून मारतात. यानं भोक सैल होतं म्हणून मारलं." एकच क्रँक पुन्हा पुन्हा दाबून काढला की चाकातलं भोक मोठं होतं, पिन घट्ट बसत नाही, आणि जोर पडला की दोन चाकं एकमेकांवर पिळली जातात.

पण बाबांच्या गाडीचा क्रँक आधी कधी खोललाच नव्हता. भोक सैल होईल कसं?

तेव्हा मला ती खूण आठवली. मी शाळेत असताना गावातल्या एकानं पुलर (ओढून काढायचं हत्यार) नाही म्हणून मॅग्नेट छिन्नी-हातोड्यानं काढलं होतं. मॅग्नेट शाफ्टवर जागेवर धरणाऱ्या लोखंडी चावीच्या खाचेशेजारी शाफ्टवर तिरपा घाव बसला होता. बाबा त्यावरून वर्षभर चिडत होते. काकांच्या टेबलावरच्या शाफ्टवर तो घाव नव्हता.

मिस्त्रीला विचारलं तर म्हणतो, "तुमचाच हाये भाऊ, पॉलिश केल्यानं येगळा दिसते." मॅग्नेट शाफ्टच्या निमुळत्या भागावर घट्ट बसतं. तो खोल घाव जाईपर्यंत पॉलिश केली असती तर मॅग्नेट धड बसलंच नसतं. हे सांगितलं तर त्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं. आरएक्स 100 चं उत्पादन 1996 मध्येच थांबलं. न खोललेल्या जुन्या क्रँकला आज किती भाव आहे, ते त्याला माझ्याआधी कळलं होतं.

1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, ही चांगली सोय आहे. पण एका ओळखीच्या वकिलानं चिठ्ठी पाहिली आणि हसून परत दिली.

पुढचा क्रँक काकांनी माझ्यासमोर बांधला. किटचा डबा मी फोडला, दोन्ही चाकांवर पंचनं माझे ठिपके मारून घेतले, मोबाइलवर व्हिडिओ काढला. तांब्याच्या हातोडीनं ठोकत, फिरवत, पुन्हा ठोकत काटा 0.03 वर आणायला त्यांना दीड तास लागला. जुनी पिन खिशात घालूनच घरी आलो. फिल्टरही परत बसवला.

मॅग्नेटच्या बाजूला चावीच्या खाचेशेजारी छिन्नीचा तिरपा घाव असलेला आरएक्सचा क्रँक कुणाकडे विकायला आला, तर इथे कळवा. भांडण करणार नाही. मागाल त्या भावानं परत घेतो, बाबांना अजून सांगितलेलं नाही.