ज्येष्ठांसाठीची बदामी-हंपी सहल: पाचपैकी साडेतीन

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या तक्रारी या धंद्यातल्या बऱ्याच जणांना लागू पडतील. पुण्यातली आहे, ‘फक्त साठीपुढच्यांसाठी’ अशी जाहिरात करते आणि बदामी, ऐहोळे, पट्टदकल, हंपी अशी बसची सहल हिवाळ्यात काढते. मी ७३ वर्षांची, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. हे ७९ चे, दोन्ही गुडघे बदललेले. म्हणजे त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक.

हीच सहल का घेतली ते आधी सांगते. त्याच ऑफिसातून आधी चारधामसाठी फोन आला होता. “काकू, चालायचं नाहीच, केदारनाथला हेलिकॉप्टरने नेतो.” केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. हेलिकॉप्टर पायांची चढण वाचवतं, विरळ हवेचं काय? उलट ते काही मिनिटांत वर नेऊन सोडतं, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. ह्यांच्या डॉक्टरांनी नकाराची मान हलवली आणि तो विषय मिटला. मग लेक म्हणायला लागली, आता फिरणं पुरे. हे म्हणायला लागले, आत्ता नाही तर कधी. दोघांनाही मी एकच सांगितलं: किती ठिकाणं आणि किती किलोमीटर हे मोजणं बंद. बॅग किती वेळा भरायची आणि एका दिवसात किती वेळा चढायचं, एवढंच बघायचं. चढण दिवसाला एकच. या सहलीत मुक्काम दोनच होते, बदामी आणि हंपीजवळचं होस्पेट. म्हणून पैसे भरले.

चांगलं ते आधी. बसची पहिली पायरी नेहमीच उंच असते. कंपनीचा मदतनीस पोरगा प्रत्येक थांब्यावर आधी उतरून एक बुटकं लाकडी स्टूल ठेवायचा आणि हात धरायला उभा राहायचा. कोणी सांगावं लागलं नाही. जेवणाच्या वेळा पाळल्या, मधुमेहवाल्यांची कुचंबणा झाली नाही. आणि बदामीला दोन गाइड होते, ही गोष्ट मी आजवर कुठल्या सहलीत पाहिली नव्हती. लेण्यांच्या पायऱ्या काही एका मापाच्या नाहीत, वर माकडं पिशव्या ओढतात. ज्यांना झेपेल ते एका गाइडबरोबर चारही लेणी बघायला गेले. बाकीच्यांना दुसऱ्याने अगस्त्य तीर्थ या तळ्याच्या काठाने सपाट वाटेने भूतनाथाच्या देवळाशी नेलं. मी वर गेले. पहिल्या लेण्याशी तो अठरा हातांचा नटराज, तिसऱ्यात शके ५०० चा, म्हणजे इसवी सन ५७८ चा, चालुक्य राजघराण्यातल्या मंगलेशाचा शिलालेख. खाली आले तर हे पाण्याकाठी पाय सोडून बसलेले आणि चालुक्यांबद्दल मलाच चार गोष्टी ऐकवायला लागले!

पट्टदकल तर आमच्या वयासाठीच बांधलंय जणू. सगळी देवळं एका आवारात, हिरवळ, सपाट वाटा. चालुक्य राणी लोकमहादेवीने नवऱ्याच्या कांचीवरच्या विजयासाठी बांधवलेलं विरूपाक्ष मंदिर सावकाश, दोनदा बघून झालं.

ऐहोळेला मात्र माझं आणि मॅनेजरचं वाजलं. दुर्ग मंदिर दाखवलं, ते उत्तमच. पण मेगुती टेकडी कार्यक्रमातच नाही. “काकू, ज्येष्ठांची सहल आहे, चढण काढून टाकलीये.” अहो, पण त्या टेकडीवरच्या जैन देवळाच्या भिंतीत रविकीर्ती या कवीचा इसवी सन ६३४ चा शिलालेख आहे. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने उत्तरेच्या सम्राट हर्षाला हरवल्याचा आणि नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा उल्लेख त्यातच आहे. उभं आयुष्य फळ्यावर ते साल लिहिलं, आणि दगड समोर असताना बसमध्ये बसून ताक प्यायचं? त्या दिवशीची माझी एक चढण शिल्लक होती. मॅनेजरने डोकं खाजवलं, मग मदतनीस पोऱ्याला माझ्याबरोबर दिला, आणखी दोघं जण आले. हळूहळू, कठड्याला धरून, थांबत थांबत चढलो. अक्षरं बारीक, ओळी अगदी सरळ. वाचता आलं म्हणाल तर काही नाही, पण हात न लावता डोळे भरून बघितलं.

मुद्दा हा की ‘ज्येष्ठ’ ही काही एक इयत्ता नाही. आमच्या बसमध्ये रोज पर्वती चढणारे काका होते आणि वॉकर घेऊन आलेल्या आजी होत्या. दोघांना एकच कार्यक्रम दिला की एकाचा जीव जातो आणि दुसरा कंटाळतो. बदामीत जमलं ते ऐहोळेला का सुचू नये?

बदामीजवळची बनशंकरी आमची कुलदेवता, त्यामुळे तिथे ओटी भरायला वेळ मागून घेतला. देवळाबाहेर बायका टोपल्या घेऊन बसतात: ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, मडक्यातलं दही. बाहेरचं खायचं नाही हा नियम ह्यांनी तिथे मोडला. पोट बिघडलं नाही.

हंपीला विठ्ठल मंदिरापर्यंत बॅटरीवरच्या गाड्या नेतात, त्या तिथल्या मुली चालवतात. रांग असते, पण रांगेला सावली होती. दगडी रथापुढे प्रत्येक जण खिशातून पन्नासची नोट काढून चित्र ताडून बघत होता, आम्हीही बघितलं.

आता दीड गुण कुठे कापले ते. जाहिरातीत ‘डॉक्टर सोबत’ असं ठळक छापलं होतं. प्रत्यक्षात डॉक्टर पुण्यात आणि मॅनेजरकडे त्यांचा नंबर. होस्पेटच्या हॉटेलात न्हाणीघराची फरशी गुळगुळीत आणि धरायला दांडी कुठेच नाही. प्लास्टिकची खुर्ची मागवून ह्यांनी बसून आंघोळ केली. मी तक्रार केली तर हॉटेलवाला म्हणाला, “असं कुणी मागत नाही.” साठीपुढच्यांची बसच्या बस उतरवून घेतो आणि कुणी मागत नाही! सहलीच्या पैशांतच विमा आहे म्हणाले. कागद मागवून वाचला, तर आधीपासूनचे आजार वगळलेले. आमच्या वयात दुसरे आजार उरलेत कुठे? आणि बसमध्ये माइकवरून अंताक्षरी. दुपारी जेवल्यावर. त्याचे वेगळे गुण कापायला हवे होते.

पैसे जास्त वाटले, पण तुलना करायला आता काही राहिलेलंच नाही. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत २०२० च्या मार्चमध्ये बंद केली. जवळपासचं फिरणं आम्ही एसटीने उरकतो: ७५ पूर्ण झाल्यामुळे ह्यांना २०२२ पासून तिकीट नाही, मला अर्धं. वाई सकाळी जाऊन संध्याकाळी परत, बॅग भरायचीच नाही. त्यामुळे आता असं ठरलंय की एसटीची फेरी मनात येईल तेव्हा आणि रात्रीच्या मुक्कामाची सहल वर्षातून एखादी. यावर लेकीचीही कुरकुर नाही.

ही सहल घ्यावी का? घ्या, पण बुकिंगच्या वेळीच तळमजल्याची खोली आणि न्हाणीघरात खुर्ची लिहून मागा, तोंडी नको. ‘डॉक्टर सोबत’ म्हणजे बसमध्ये की फोनवर, तेही विचारा. आणि पौषातली तारीख घेऊ नका. बनशंकरीची जत्रा तेव्हाच असते, आणि त्या गर्दीत वॉकर चालत नाही.