घरातील डेटाचा उपकरणनिहाय हिशेब: ओपनडब्ल्यूआरटीवरील एनएलबीडब्ल्यूमॉन

'अमर्याद' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक घरगुती ब्रॉडबँड योजनांना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. ती नेमकी कोणत्या उपकरणामुळे गाठली जाते, हे सेवादात्याच्या ॲपमधील एकूण आकड्यावरून समजत नाही. फोनमधील मोजणीही अपुरीच, कारण टीव्ही आणि कॅमेरे तिच्याबाहेर राहतात. त्यामुळे मोजमाप राउटरवरच व्हावे, असे माझे ठाम मत आहे.

ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चालणाऱ्या राउटरवर एनएलबीडब्ल्यूमॉन हे छोटे पॅकेज विनामूल्य बसवता येते. लिनक्स कर्नल (राउटरच्या प्रणालीचा गाभा) प्रत्येक जोडणीची जी नोंद ठेवतो, तीच वाचून हे साधन प्रत्येक उपकरणाचे डाउनलोड आणि अपलोड वेगवेगळे दाखवते, आयपीव्ही४ व आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची जुनी व नवी पद्धत) यांची विभागणी करते आणि हिशेबाचा महिना बिलाच्या तारखेपासून सुरू करण्याची मुभा देते. ही शेवटची सोय मला फार मोलाची वाटते.

मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. वेगासाठी हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग (डेटा पुढे पाठवण्याचे काम थेट चिपकडे सोपवणे) चालू केले, तर बराचसा डेटा कर्नलला वळसा घालून जातो आणि आकडे कमी दिसतात. शिवाय नोंदी मुळात तात्पुरत्या स्मृतीत साठतात. वीज गेली की सगळ्याच नोंदी पुसल्या जाऊ नयेत, यासाठी त्या यूएसबी ड्राइव्हवर वळवाव्यात. आधुनिक फोन खरा मॅक पत्ता (उपकरणाचा कायमचा ओळखक्रमांक) लपवतात, म्हणून घरच्या वायफायपुरती ही लपवण्याची सोय बंद ठेवल्यास यादीतले फोन ओळखणे सोपे जाते.