कुंभारीच्या बायकांच्या गोष्टी, एकदा तरी ऐकाच
रविवारी सोलापूरजवळच्या कुंभारीला गोदूताई परुळेकर घरकुलात बायकांच्या गोष्टींच्या बैठकीला गेलते, विडी कामगार बायकांची ही १०,००० घरांची वसाहत, २००६ साली चाव्या मिळायला लागल्या. माईक नसतो, पुढंच बसा. एक मावशी मांडीवर सूप घेऊन पानं कातरत कातरतच सांगत होत्या, अर्धं तेलुगू अर्धं मराठी, की दिवसाला हजार विड्या वळायच्या आणि त्यातल्या मूठभर खराब म्हणून बाजूला काढल्या की पोटात कसं कालवायचं, मग एक दिवस त्यांनी सगळ्यांसमोर परत मोजायला लावल्या!! ते ऐकून माझ्या शेजारची सून उठली आणि स्वतःचं सांगायला लागली, सासरी कुणाला कधी बोललीच नव्हती म्हणे. माझ्या अंगावर काटा आला. तिकीट नाही, चहा मिळतो. पुढच्या वेळी आईला घेऊन जाणारे.